टोमॅटोचं बी घेताना: हेअरलूम, सरळ वाण की हायब्रीड?

गच्चीवरची_सई
९ ऑगस्ट

नमस्कार मंडळी,

२०२३च्या जुलैत टोमॅटो दीडशे रुपये किलो झाला तेव्हा मी इरेला पेटून गच्चीवर टोमॅटो लावले. (माझे पिकेपर्यंत बाजारात वीसवर आला होता, ते सोडा.) तेव्हापासूनचा माझा लेखाजोखा असा.

आधी कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतून रोपं आणली. वाण कोणतं विचारलं तर "हायब्रीड आहे ताई, चांगलं आहे" एवढंच उत्तर. फळं भरपूर आली. साल मात्र जाड, आत पांढरट गाभा आणि रस बेताचाच. सासूबाईंनी सार केलं आणि शेवटी गुपचूप दोन आमसुलं टाकली. विचारलं तर म्हणाल्या, "टोमॅटोला आंबटपणा नसेल तर तो भोपळाच."

म्हणून यंदा ऑनलाइन हेअरलूमची पाकिटं मागवली. ब्लॅक क्रिम, ब्रँडीवाईन, चेरोकी पर्पल. फेब्रुवारीत बी टाकलं. झाडं पाच-पाच फूट उंच, फुलं झुबक्यांनी. एप्रिल लागला आणि फुलगळ सुरू झाली. फुलाच्या देठात मधोमध एक बारीक गाठ असते बघा, तिथे आधी पिवळं पडायचं आणि हात लागायच्या आत फूल टपकन् खाली. रोज सकाळी झाडताना मूठभर फुलं निघायची. सहा झाडांना मिळून दोन टोमॅटो धरले, त्यातला एक खारीनं नेला.

आता ऑगस्ट आहे, पुन्हा बी टाकायची वेळ आलीय. गच्ची पुण्यात, ऊन नऊ ते चार, वीस लिटरच्या बारा बॅगा. काय लावू? देशी, हेअरलूम, की गुपचूप पुन्हा हायब्रीड?

---

पेठेतला_खवट
९ ऑगस्ट

'देशी टोमॅटो' म्हणजे 'देशी पिझ्झा'सारखं झालं. मूळ दक्षिण अमेरिकेतलं, नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतलं, आणलं पोर्तुगीजांनी. आमच्या आजीच्या लेखी ते 'वेलवांगं' होतं आणि सोवळ्यात चालत नसे. बाकी चालू द्या.

---

बांधावरचा_राजा
९ ऑगस्ट

सईताई, मी नारायणगाव पट्ट्यातला. घरी दीड-दोन एकर टोमॅटो असतो, सगळा हायब्रीड. शिव्या द्यायच्या आधी आमची बाजू ऐका.

बाजारच्या चवीचं सगळं पाप वाणावर घालू नका. आम्ही तोडतो तेव्हा फळाच्या बुडाशी नुसता गुलाबी ठिपका आलेला असतो. पूर्ण लाल तोडला तर दुसऱ्या दिवशी क्रेटच्या तळाला सॉस. वीस किलोचा क्रेट, त्यात थरावर थर, क्रेटवर क्रेट, आणि गाडी दिल्लीला. व्यापारी फळ दाबून बघतो, हातात वजन करून बघतो. चावून बघणारा व्यापारी मी अजून पाहिला नाही. मग कंपन्या जे दाबून बघितलं जातं तेच सुधारणार.

आणि हायब्रीड लावलं म्हणजे विमा काढला असंही नाही. २०२०च्या उन्हाळ्यात, एक तर लॉकडाऊन, त्यात आमच्या भागात फळं पिकायचीच नाहीत. एकाच फळावर लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे आणि आत दगड. आम्ही त्याला 'तिरंगा' म्हणायला लागलो. बंगळूरच्या संस्थेनं नमुने तपासले, त्यात काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला. मावा पसरवतो तो. त्या साली उभे प्लॉट सोडून दिलेत लोकांनी.

आता गंमत. आमची आई विहिरीच्या कडेला आठ-दहा झाडं वेगळी लावते. चपटी, खाचा पडलेली, पिकली की चिरणारी फळं. बी तिचंच, दरवर्षी राखेत घोळून ठेवलेलं. नाव विचारलं तर "टमाट्याचं". घरच्या कालवणात तीच पडतात. मला विकत घेऊन खायची वेळ आली तर मी पण तीच खाईन, पण विकायला लावणार नाही.

---

निवृत्त_मास्तर
१० ऑगस्ट

कृषी विद्यालयात तीस वर्षं खडू झिजवला, तेव्हा थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

सईताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पहिला, बी घरी धरता येतं का. दुसरा, झाड तुमच्या हवेत फळ धरतं का. पाकिटावर फक्त पहिल्याचं उत्तर असतं. तुमची फुलं गळली ती दुसऱ्यामुळे.

आधी शब्द साफ करू. 'सरळ वाण' म्हणजे ज्याच्या बियांतून तसंच झाड येतं. त्यातलं पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी घरात जपलेलं ते हेअरलूम. म्हणजे प्रत्येक हेअरलूम सरळ वाणच, पण प्रत्येक सरळ वाण हेअरलूम नव्हे. पुसा रुबी दिल्लीच्या संस्थेत तयार केलं, आपल्या राहुरीच्या विद्यापीठानं धनश्री, भाग्यश्री दिली. ही सगळी सरळ, बी धरा आणि खुशाल लावा. संकरित म्हणजे दोन ठरवून निवडलेल्या आईबापांची पहिली पिढी, पाकिटावर 'एफ-१' लिहिलेली. तिचं बी लावलं की दुसऱ्या पिढीत आजे-पणजे सगळे बाहेर येतात. झाडं उगवतात, फळं पण येतात, मात्र एकासारखं दुसरं नाही.

आता तुमची फुलगळ. टोमॅटोला फळ धरायला रात्र थंड लागते, साधारण १५ ते २० अंश. रात्रीचा पारा २२-२४च्या वर राहिला आणि दिवसा पस्तिशी ओलांडली की परागकण निकामी होतात. फूल वाट बघतं आणि गळतं. मोठ्या फळांची ही परदेशी वाणं यात सगळ्यांत नाजूक. पुण्याच्या एप्रिलमध्ये गच्चीच्या तापलेल्या काँक्रीटवर ब्रँडीवाईनकडून फळाची अपेक्षा म्हणजे माघात आंबा मागण्यासारखं. बी वाईट नव्हतं, महिना वाईट होता. तीच पाकिटं फ्रीजमध्ये असतील तर टाकू नका. ऑगस्टअखेर बी टाका, सप्टेंबरअखेर रोप बॅगेत जाईल, फुलोरा नोव्हेंबरात येईल. तेव्हाची पुण्याची रात्र त्याला मानवेल.

चवीबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण 'संकरित म्हणून बेचव' हे अर्धसत्य आहे. जुन्या वाणांच्या कच्च्या फळाला देठाजवळ गडद हिरवे खांदे असतात. १९३०च्या सुमारास पैदासकारांना एक झाड आवडलं, त्याचं कच्चं फळ सगळीकडे एकसारखं फिकट हिरवं असायचं आणि पिकायचंही एकसारखं. तोडणीला सोपं, दिसायला देखणं. तो गुण जगभरच्या व्यापारी वाणांत घातला गेला. २०१२ साली कळलं की त्या 'गुणा'त एक जनुक मोडलेलं आहे, आणि ते जनुक फळातलं हरितद्रव्य वाढवायचं. फळ स्वतः जी थोडी साखर करायचं ती कमी झाली. म्हणजे ही चूक संकराची नाही, निवडीची आहे. ती सरळ वाणातही केली गेली. ओळखायला सोपं: कच्च्या फळाचे खांदे बघा.

---

डोंबिवलीची_बाल्कनी
१० ऑगस्ट

मास्तर, 'आजे-पणजे बाहेर येतात' वरून आठवलं. गेल्या वर्षी बाजारातल्या एका मस्त टिकाऊ टोमॅटोचं बी लावलं. फ्रीजबाहेर तीन आठवडे राहिला होता, म्हटलं वाण भारी. पाच झाडं जगली. चारांची फळं बरी होती, लहान-मोठी. पाचव्याचं फळ हिरव्याचं पिवळं झालं आणि तिथेच थांबलं. रोज दाबून बघतेय, मऊ नाही, लाल नाही. तोडून खिडकीत ठेवलं तर महिनाभर लिंबासारखं पिवळं. शेवटी मुलानं त्याला क्रिकेटचा चेंडू केला. हे काय होतं?

---

निवृत्त_मास्तर
१० ऑगस्ट

फारच सुंदर उदाहरण दिलंत! हे वर्गात असतं तर फळ्यावर लावलं असतं.

टोमॅटोत 'रिन' नावाचं एक बिघडलेलं जनुक आहे. आईबाप दोघांकडून आलं तर फळ पिकतच नाही, पिवळं होऊन बसतं. एकाच बाजूनं आलं तर पिकतं, पण सावकाश, म्हणून टिकतं. काही टिकाऊ संकरित वाणांत ते मुद्दाम एका बाजूनं घातलेलं असतं. त्याचं बी लावलं की हिशेबानं चारातलं एक झाड दोन्ही बाजूंचं निघतं. तुमचा चेंडू बहुधा त्यातलाच.

---

निसर्ग_वादी
१० ऑगस्ट

हे सगळं जीएमचं विष आहे. हायब्रीड खाऊन कॅन्सर होतो. गायीच्या शेणावर वाढलेला गावठी टोमॅटोच खा.

---

निवृत्त_मास्तर
१० ऑगस्ट

हायब्रीड आणि जीएम (म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं बी) वेगळे आहेत हो. आपल्याकडे शेतकरी उघडपणे लावतो ते जीएम पीक म्हणजे बीटी कापूस. जीएम टोमॅटोला भारतात लागवडीची परवानगीच नाही. संकरित म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर, एवढंच. वर सांगितलेलं रिनसुद्धा झाडात आपसूक झालेला बदल आहे, प्रयोगशाळेत घातलेला नव्हे. शेणखताला माझी ना नाही, कुजलेलं असेल तर.

---

भेदरंवाली
११ ऑगस्ट

पराग या फुलाचा त्या फुलावर 'एवढंच' म्हणालात मास्तर, म्हणून लिहिते. माझं माहेर वर्ध्याचं, सासर देऊळगाव राजाकडचं. आमच्या भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याच्या बियांचे प्लॉट आहेत, टोमॅटो-मिरचीचं हायब्रीड बी आमच्या बायका हातानं करतात. मी दोन हंगाम केलंय.

दुपारनंतर कळ्या बघायच्या. उद्या उमलेल अशी कळी हवी, पाकळी पोपटीची जराशी पिवळी झालेली. चिमट्यानं आतला पिवळा शंकू, म्हणजे नर, अलगद ओढून काढायचा. मधली काडी मोडली की कळी वाया. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतल्या फुलांचा पराग त्या काडीला लावायचा आणि लगेच फुलामागच्या हिरव्या पाकळ्यांतल्या दोन खुडायच्या. ती खूण. पुढे फळ तोडताना ज्याच्या बोंडाला दोन पाकळ्या कमी तेच 'क्रॉसिंग'चं, बाकीचं बाजूला. एका बाईनं दिवसात शेकड्यांनी फुलं करायची. मान अशी धरते की रात्री उशी नको वाटते. त्यामुळे पाकीट महाग का, हा प्रश्न मला कधी पडत नाही. महाग पाकिटातला किती पैसा त्या मानेपर्यंत पोचतो, हा मात्र पडतो.

आणि माहेरी टोमॅटोला आम्ही भेदरं म्हणतो. उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवायची, बोराएवढी, सालीला पातळ, आंबटढाण. पाट्यावर लसूण-मिरचीसोबत वाटलेली त्याची चटणी आणि ज्वारीची भाकर. सईच्या सासूबाईंना ती पाठवली पाहिजेत.

---

बांधावरचा_राजा
११ ऑगस्ट

ताई, हे वाचून गप्प झालो. दहा ग्रॅमच्या पुडीला एवढे पैसे म्हणून दुकानदाराशी भांडतो आम्ही दरवर्षी.

---

जर्सीतला_जोशी
११ ऑगस्ट

न्यू जर्सीतून नमस्कार. इथे हेअरलूम म्हणजे शनिवारच्या शेतकरी बाजारातला दागिना, वेडावाकडा, तडकलेला आणि साध्याच्या तिप्पट भावाचा.

आमचं गणित तुमच्या उलट. मेच्या मध्यापर्यंत दहिवर गोठण्याची भीती, ऑक्टोबरात पुन्हा तेच. मधल्या पाच महिन्यांत जे पिकेल ते खरं. ब्रँडीवाईनला रोप लावल्यापासून ८०-९० दिवस लागतात, म्हणजे ऑगस्टअखेर दर्शन. जोडीला उशिराचा करपा. ओला, थंड उन्हाळा आला की आठवड्यात झाड काळं. म्हणून मी निम्मी झाडं हायब्रीड ठेवतो. सनगोल्ड नावाचा जपानी कंपनीचा नारिंगी चेरी टोमॅटो आहे, शुद्ध एफ-१. माझ्या बागेतला सगळ्यांत चवदार तोच. मुलं झाडाखाली उभी राहून संपवतात, घरात येतच नाही. तेव्हा 'हायब्रीड बेचव' हे माझ्या तरी अंगणात खोटं ठरलंय.

आणखी एक मजा. इथल्या रटगर्स विद्यापीठानं १९६८मध्ये रामापो नावाचं हायब्रीड काढलं. पुढे बी कंपन्यांनी बंद केलं, तर लोकांनी इतकी हळहळ केली की विद्यापीठानं २००८मध्ये ते परत आणलं. आता म्हातारे गोरे शेजारी त्याच्याविषयी असे बोलतात की जणू ते त्यांच्या पणजीनं जपलेलं बी. संकरिताचीही आठवण होते माणसाला.

---

पेठेतला_खवट
११ ऑगस्ट

जोशी, वेलवांग्याच्या वेळी आमच्या आजीचीही हळहळ व्हायची, पण उलट दिशेनं.

---

फोंड्याची_माई
१२ ऑगस्ट

पुण्याची हवा चर्चेत आहे, पण कोकण-गोव्याकडचं कोणी हे वाचून पाकीट घेणार असेल तर थांबा. आमच्याकडे पहिला प्रश्न चवीचा नाही, मर रोगाचा.

मी सहा वर्षांपूर्वी हौसेनं वेगवेगळी वाणं लावली. झाड हिरवंगार, फुलावर आलेलं. सकाळी पानं ताजी, दुपारी मान टाकलेली, संध्याकाळी परत उभी. तिसऱ्या दिवशी उठलीच नाहीत. पाणी कमी पडलं समजून मी अजून पाणी घातलं. शेवटी शेतकी खात्यातल्या एका माणसानं दाखवलं: खोड बुडाशी कापलं, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन टोक बुडवून धरलं. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाची बारीक धार खाली उतरायला लागली, उदबत्तीचा धूर उलटा सोडल्यासारखी. ते जिवाणू. जमिनीत वर्षानुवर्षं राहतात, आणि आमची जांभ्याची आंबट माती नि दमट उष्मा त्यांना मानवतो. वांगी, मिरची, टोमॅटो, सगळे त्यांचे गिऱ्हाईक.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करते. मातीत नाही, बॅगेत लावते, आणि बॅगेत अंगणातली माती घालत नाही. बंगळूरच्या फलोत्पादन संस्थेची अर्का आभा आणि अर्का आलोक ही वाणं लावते, दोन्ही मर सोसणारी आणि दोन्ही सरळ, म्हणजे बी माझं मीच धरते. आणि गेल्या वर्षी रानवांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम करून बघितलं. दहातली सहा जगली. ब्लॅक क्रिम खायची माझी हौस त्या कलमावर भागली, पण ते दुसऱ्या धाग्यात सांगेन.

---

कुंडीत_शेती
१२ ऑगस्ट

बारा बॅगा असतील तर झाडाची सवय आधी बघा. काही झाडं झुडपी असतात, कमरेएवढी होऊन थांबतात आणि फळं महिना-दीड महिन्यात एकदम देतात. काही वेलासारखी वाढतच जातात, दंव पडेपर्यंत किंवा तुम्ही कंटाळेपर्यंत. हेअरलूम बहुतेक दुसऱ्या जातीची. त्यांना सात फुटांची काठी किंवा वरून सुतळी, आणि दर आठवड्याला बगलफूट काढायचं काम. वीस लिटर ही त्यांच्यासाठी कमीत कमी जागा. बाल्कनीवाल्यांनी सरळ चेरी लावावा, सगळे गुन्हे माफ असतात त्याला.

अर्का रक्षक मी लावलाय. हे हायब्रीड आहे, पण सरकारी संस्थेचं. लीफ कर्ल म्हणजे बोकड्या, मर आणि लवकरचा करपा, तिन्ही सोसतं. एका झाडाला १९ किलो अशी बातमी मीही वाचली होती. माझ्या बॅगेत साडेतीन किलो. तरी खूश आहे.

---

गच्चीवरची_सई
१२ ऑगस्ट

किती दिलंत सगळ्यांनी! भेदरंवाली, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवला.

विचार असा आहे: ब्लॅक क्रिम ३ बॅगा (शिल्लक बी आहे, महिना बदलून बघते), पुसा रुबी ३, अर्का रक्षक ४, चेरी २. ब्रँडीवाईनला यंदा नमस्कार. ठीक आहे का?

---

निवृत्त_मास्तर
१३ ऑगस्ट

ठीक आहे. दोन सूचना. पुसा रुबी चवीला आंबट-गोड, पातळ सालीचं, सारासाठी नामी, पण बोकड्याला हटकून बळी पडतं. इतकं, की बोकड्यावरच्या प्रयोगांत तुलनेसाठी मुद्दाम पुसा रुबी लावायची पद्धत आहे. तो विषाणू पांढरी माशी आणते. रोपं लहान असताना बारीक जाळीत वाढवा, पहिला महिना जपा, पिवळे चिकट सापळे टांगा. एखाद्या झाडाचे शेंडे आकसून वाटीसारखे झाले तर दया न दाखवता उपटा.

दुसरं, बी धरायचं असेल तर. उत्तम झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या. उत्तम फळ नव्हे, उत्तम झाड. बिया गरासकट पेल्यात काढा, दोन-तीन दिवस झाकून ठेवा. वर पांढरी साय येईल, वास येईल, घरचे बोलतील. येऊ दे. बीभोवतीचं बुळबुळीत आवरण तेवढ्यानं सुटतं. मग चार पाण्यांत धुवा, चिनीमातीच्या बशीवर सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटून बसतं. कोरडं ठेवलंत तर चार-पाच वर्षं उगवतं. टोमॅटो आपल्या आपण फळतो, त्यामुळे भेसळ कमी. पण जुन्या मोठ्या फळांच्या वाणांत मधली काडी शंकूच्या बाहेर डोकावते, तिथे माश्या हात मारतात. ब्लॅक क्रिम आणि पुसा रुबी गच्चीच्या दोन टोकांना ठेवा.

---

गच्चीवरची_सई
२६ जानेवारी

धागा वर काढतेय. हिशेब द्यायचं राहिलं होतं.

पुसा रुबीच्या तिनांतलं एक ऑक्टोबरात गेलं, मास्तर म्हणाले तसंच, शेंड्याच्या वाट्या. उपटताना जीवावर आलं. दुसरं अर्ध्यात आकसलं, पण फळं देत राहिलं. दोन मिळून सव्वादोन किलो. अर्का रक्षक चार झाडांचे अकरा किलो, अजून चालू आहे. एकाही पानाला सुरकुती नाही, कंटाळा येईल इतकं निरोगी झाड. चेरी मोजला नाही, कारण जर्सीतल्या जोशींच्या मुलांसारखाच प्रकार इथेही.

आणि ब्लॅक क्रिम! नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फुलं आली, मी रोज दहा वाजता झुबक्याला टिचकी मारायची. पहिल्या आठवड्यात एकही गळलं नाही. तीन झाडांना मिळून चौदा फळं. खांद्याला काळपट हिरवी, खाली विटकरी. त्यातली चार तडकली, कारण दिवाळीनंतर गावाला गेलो होतो आणि आल्यावर नवऱ्यानं पश्चात्तापानं दोन बादल्या पाणी ओतलं. दोनांच्या बुडाला काळा चट्टा, तोही पाण्याच्या त्याच चढउतारानं. उरलेली आठ.

काल सगळ्यांसमोर परीक्षा घेतली. चकत्या, वर नुसतं मीठ. ब्लॅक क्रिम पहिला, वादच नाही. खाल्ल्यावर मुलगी म्हणाली, "याला मीठ तू आधीच लावलंयस का?" अर्का रक्षक चकतीत तिसरा आला, पण पूर्ण लाल होईपर्यंत झाडावर ठेवला होता म्हणून बाजारच्यापेक्षा कितीतरी बरा. राजाभाऊ, तुमचं म्हणणं पटलं. रस्सा-भाजीला रोज तोच तोडते.

मग सार. तिन्हींचं वेगळं, वाट्यांना नाव न लावता सासूबाईंपुढे. ब्लॅक क्रिमचं त्यांनी एक घोट घेऊन बाजूला ठेवलं: "गोडसर आहे, रंग चिखलाचा." रक्षकच्या वाटीत आमसूल मागितलं. पुसा रुबीची वाटी संपवून पातेल्यात बघितलं.

---

भेदरंवाली
२६ जानेवारी

पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठव सई. आईकडून भेदरांचं बी आणलंय, कागदाच्या पुडीत आहे. कागदाला चिकटलेलं आहे, मास्तरांना सांगू नकोस.

---

निवृत्त_मास्तर
२७ जानेवारी

वाचलं. कागदासकट पेरा, उगवेल.